पहिल्या अंघोळीआधी

सकाळी सहा

दिवाळी आठवड्यावर आली की पुण्यात गिझर-सोलर दुरुस्त करणाऱ्याचा फोन थांबत नाही. पहिल्या अंघोळीला अख्खं घर उजाडायच्या आत एकामागून एक न्हातं आणि वर्षभर कुरकुरत चाललेला गिझर नेमका त्याच दिवशी मान टाकतो. आज मात्र इतक्या लवकर बावधनच्या या गच्चीवर आलोय तो उन्हाच्या आधी काम उरकायचं म्हणून. पोरांच्या क्रिकेटचा चेंडू लागून सोलरची एक नळी फुटली आणि टाकी रिकामी झाली. नवी नळी बसवायला दहा मिनिटं पुरतात, पण ते काम भर उन्हात करायचं नाही. रिकामी नळी उन्हात दोनशे अंशांच्या वर तापते. तिच्यात गार पाणी शिरलं की काच तडकते आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर तुकडे उडू शकतात. म्हणून पहाटे, नाहीतर दिवस मावळल्यावर.

टाकी भरेपर्यंत बाकीच्या नळ्या बघून घेतो. नळीच्या दोन भिंतींमध्ये हवा नसते, म्हणून आतली उष्णता बाहेर जात नाही. तिच्या बंद टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. अशा दोन सापडल्या. वरून धडधाकट दिसतात, पण पाणी तापवत नाहीत. सेक्रेटरींना फोटो पाठवले.

साडेसात

याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आहे: सोलरचं पाणी कोमटच येतं. ‘पॅनेल वाढवा’ असा सल्ला त्यांना कुणीतरी दिलाय. मी आधी गच्चीवर सोलरच्या टाकीतून खाली जाणारा व्हॉल्व पूर्ण बंद केला आणि खाली येऊन गरम पाण्याचा नळ सोडला. आता थेंबही यायला नको. पण धार सुरूच राहिली. म्हणजे कुठल्यातरी घरातून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. गार पाण्याच्या लाइनीला प्रेशर पंप आहे, गरम पाणी नुसतं उंचीवरून उतरतं. वाट मिळाली की जोर असलेलं पाणी दुसऱ्याला मागे ढकलणारच.

मग एकेका घराचा गरम पाण्याचा कॉक बंद करत गेलो. वाट सापडली चौथ्या मजल्यावर. हँडशॉवरच्या मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पाणी बंद केलेलं फक्त हातातल्या शॉवरच्या बटणावर. त्या घरातल्या काकूंना वाईट वाटलं. मी म्हटलं, “काकू, यात तुमची चूक नाही. इथे नॉनरिटर्न व्हॉल्व हवा होता, तो बसवलाच नव्हता.” तो बसवला. दहा हजारांची पॅनेलं घेण्याआधी कॉक तपासा, हे मी सोसायट्यांना जीव तोडून सांगत असतो.

दहा

वाघोली. इथे बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठेतला गिझर आणि इथला गिझर एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले असले तरी आतून दोन वेगळ्या जगातले असतात. बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर, बसतो. तक्रारही ठरलेली: पाणी तापायला वेळ लागतो आणि आतून कडकड आवाज येतो.

आधी एमसीबी पाडला, मग प्लग काढला. नुसत्या बटणावर विसंबायचं नाही. इनलेटचा कॉक बंद करून तिथलीच नळी सोडली, कारण गरम पाण्याची नळी आतून टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते आणि तिच्यातून टाकी रिकामी होत नाही. वर हवा जावी म्हणून गरम नळ उघडा ठेवला. खालचं झाकण उतरवल्यावर खपल्यांचा ढीगच बादलीत पडला. कॉइल पांढऱ्या थराखाली दिसेनाशी झालेली. मल्टिमीटर लावला: सव्वीस ओहम. दोन किलोवॅटच्या कॉइलला तेवढाच यायला हवा, म्हणजे ती जळलेली नाही. घरातले काका नवी कॉइल आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं.

सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्व, कोमट पाण्यात विरघळवून कॉइल त्यात बुडवली. फेस येतो, थर सुटतो, अर्धा-पाऊण तास जातो. बाथरूम धुवायचं ॲसिड ओतून हेच काम पाच मिनिटांत करणारे लोक आहेत. ते कॉइलचं तांबंही खातं, टाकीच्या आतला काचेचा लेपही दुखावतं आणि बंद बाथरूममध्ये त्याचा धूर छातीत जातो. माझ्या हाताखालच्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “घाई असेल तर दुसऱ्या दिवशी येऊ, पण ते ॲसिड आपल्या पिशवीत दिसता कामा नये.”

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. कॉइलशेजारी मॅग्नेशियमची एक कांडी असते, अ‍ॅनोड रॉड. गंजण्याचं काम टाकीऐवजी ती स्वतःवर घेते. ती झिजून संपली की पुढचा नंबर टाकीचा. इथे कांडीच्या जागी नुसती तार उरली होती. काकांनी गिझर घेतल्यापासून तो कुणी उघडलेलाच नव्हता. अशी कांडी काही शे रुपयांत बदलते आणि टाकी फुटली की अख्खा गिझर जातो. बोअरच्या पाण्यावर वर्षातून एकदा उघडून बघायलाच हवी.

नवी कांडी, नवं गॅस्केट. मग पाणी भरून गरम नळातून सलग धार येईपर्यंत थांबायचं आणि त्यानंतरच वीज. आमच्या आजीच्या काळात बंबात पाणी घातल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, हा घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असलेला नियम होता. कोरडा तापला की बंबाचे जोड सुटायचे. गिझरची कॉइलही कोरडी तापली की काही क्षणांत जाते.

थर्मोस्टॅट साठ अंशांवर ठेवला. काकांना पंचाहत्तर हवा होता. पण जितकं जास्त तापवाल तितका चुना जास्त बसतो. वीज वाचवायला चाळिशीवर ठेवणंही बरं नाही. कोमट साठलेल्या पाण्यात लिजनेलासारखे जिवाणू वाढतात.

साडेबारा

खराडी. “अहो, व्हॉल्वमधून थेंब थेंब गळत होतं, तर प्लंबरने बूच मारून दिलं. आता गळत नाही, पण टाकीच्या खालून पाणी येतंय.”

ऐकूनच पोटात गोळा आला. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर गेलं की साधारण दीड पेला वाढतं. मागे जायची वाट नॉनरिटर्नने अडवलेली, नळ बंद; मग त्या वाढीव पाण्याने जायचं कुठे? सेफ्टी व्हॉल्व ते थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. तापताना होणारी ती गळती म्हणजे व्हॉल्व काम करत असल्याची खूण. त्याला बूच मारायचं, वर थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउटही चालला नाही, तर बाथरूमच्या भिंतीवर बॉम्ब टांगलेला असतो. बूच काढून टाकलं, नवा व्हॉल्व बसवला, त्याला पातळ नळी जोडून ती मोरीत सोडली. या टाकीची शिवण मात्र सुटलेली होती. गिझर बदलावाच लागणार. ताईंना लिहून दिलं: नवा बसवताना या नळीला कुणालाही हात लावू देऊ नका.

दोन

डबा खाल्ला आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सामान घेतलं. कॉइल, गॅस्केट, अ‍ॅनोड, टेफ्लॉन टेप. आयएसआय मार्क नसलेली निम्म्या किमतीची कॉइल दुकानदार पुढे सरकवतात, मी परत सरकवतो. तिथून जवळच तांबट आळी. तांब्यावर ठोके पडताना ऐकू आले की मी गाडी हळू करतो. जुना बंब दुरुस्तीला आणणारी माणसं अजून आहेत, याचा मला फार आनंद होतो.

चार

सदाशिव पेठ, जुनी इमारत. आजी म्हणाल्या, “नळाला हात लावला की मुंग्या येतात रे बाबा, पण गिझर बंद केला की थांबतं. म्हणून मी बंद करूनच न्हाते.”

सॉकेट तपासलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये दोनशे तीस व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जेमतेम साठ. तिसरी तार भिंतीत कुठेतरी तुटलेली किंवा कधी टाकलेलीच नाही. त्यात दोन किलोवॅटचा गिझर, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, आणि सॉकेट सहा अँपिअरचं. प्लास्टिक तपकिरी पडलेलं. कॉइलमधूनही करंट गिझरच्या अंगावर येत होता, ती बदलली. पण गिझर जोडून दिला नाही. आजींच्या मुलाला फोन लावला: आधी अर्थिंग, सोळा अँपिअरचं सॉकेट, आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मुंग्या म्हणजे इशारा असतो, दरवेळी तो मिळेलच असं नाही. इलेक्ट्रिशियन परवा येतोय. तोवर आजी गॅसवर पाणी तापवतील. शेजारच्या मुलाने बादली उचलून द्यायचं कबूल केलं.

साडेसहा

कर्वेनगर, तीन विद्यार्थिनींची भाड्याची खोली. तक्रार एवढीच: गॅस गिझर पेटत नाही, सेल बदलून द्या. गिझर बाथरूमच्या आत. खिडकीची जाळी थंडी लागते म्हणून पुठ्ठ्याने बंद केलेली. धूर बाहेर न्यायची नळीच नाही. सेल घालून पेटवला तर ज्योत निळीऐवजी पिवळी.

लगेच बंद केला, सिलिंडरचा रेग्युलेटरही उतरवला. विचारलं, “अंघोळ करताना डोकं दुखतं का कधी?” दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीला मागच्या आठवड्यात चक्कर आली होती. उपवासाने आली असेल असं तिला वाटलं होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट तो चिकटतो, आणि दार उघडून बाहेर पडायला हवं हे कळेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं. तिला आजच डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, पुठ्ठा काढला.

घरमालकांना तिथूनच फोन केला. “इतकी वर्षं चाललंय, आत्ताच काय झालं?” असं ते म्हणाले. मी दुरुस्तीचे पैसे घेणार नाही म्हटलं, पण हा गिझर बाथरूममध्ये पुन्हा पेटवूनही देणार नाही. बाहेर गॅलरीत, उघड्या हवेत नेऊन तिथून पाण्याची नळी आत आणायची. नाहीतर पंधरा लिटरचा विजेचा घ्यायचा. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी गॅलरीवर ठरलं. उद्या नऊ वाजता भिंतीला भोक पाडायचं मशीन घेऊन येतो म्हणून सांगितलं, आणि गिझर भिंतीवरून उतरवून गाडीला बांधला.