शेवट आणि सांगता : ब्लॅक सॅबथचा निरोप

रॉक संगीतात एखाद्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम ही आता स्वतंत्र प्रथाच झाली असून, तिला भावनेची बाजू आहे तशीच व्यवहाराचीही आहे. आवडता बँड यापुढे रंगमंचावर दिसणार नाही, या जाणिवेने चाहता दूरच्या प्रवासाला आणि महागड्या तिकिटालाही तयार होतो, आणि आयोजकांना हे पक्के ठाऊक असते. साहजिकच, जाहीर केलेला निरोप पुढे मागे घेतल्याची उदाहरणे या क्षेत्रात थोडीथोडकी नाहीत. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्या 'क्रीम' या बँडने २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोप घेतला, पण २००५ मध्ये त्याच सभागृहात हे तिघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. अमेरिकेतील 'मॉटली क्रू' या बँडने तर २०१४ मध्ये यापुढे दौरे न करण्याच्या कायदेशीर दस्तऐवजावर पत्रकारांसमोर सह्या केल्या आणि २०१५ च्या अखेरच्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम केला, तरीही चार वर्षांत पुनरागमनाची घोषणा झालीच. असे असताना चाहते अशा कार्यक्रमांना का जातात आणि निरोपाला खरेपणा कशामुळे येतो, या प्रश्नांचा विचार करण्यासाठी ५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झालेला 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा अखेरचा कार्यक्रम विशेष उपयोगी ठरतो.

गायक ऑझी ऑस्बर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बास गिटारवादक गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड या चौघांनी १९६८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये हा बँड उभा केला. हे शहर धातुकामाच्या कारखान्यांचे, आणि चौघेही कामगार वस्तीतील कुटुंबांतले होते. पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून तुटली, आणि ते डावखुरे असल्यामुळे नेमकी हीच बोटे गिटारच्या तारा दाबण्याची होती. वादन संपल्यातच जमा आहे असे वाटत असताना, अपघातात बोटे निकामी होऊनही वाजवत राहिलेल्या जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका त्यांना एका वरिष्ठाने ऐकवली. त्यानंतर आयोमी यांनी वितळवलेल्या प्लास्टिकची टोपणे करून बोटांवर चढवली, पातळ तारा वापरल्या आणि पुढे त्या तारांचा ताण कमी करून गिटार खालच्या स्वरात लावण्यास सुरुवात केली. ताण कमी केल्याने तारा दाबणे सोपे झाले आणि नादही अधिक जड व गडद झाला. या नादात वाजणारे 'रिफ', म्हणजे गाण्याचा कणा म्हणून पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह, हीच बँडची ओळख ठरली. १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमपासून 'हेवी मेटल' या संगीतप्रकाराचा आरंभ झाला, असे सामान्यतः मानले जाते.

या बँडचा इतिहास मात्र तुटण्याजुळण्याचा आहे. १९७९ मध्ये ऑस्बर्न यांना बँडमधून काढण्यात आले, त्यानंतर अनेक गायक आणि वादक येऊन गेले आणि मूळ चौघे अधूनमधूनच एकत्र आले. खुद्द ऑस्बर्न यांनीही यापुढे दौरे नाहीत असे सांगणारा एकल दौरा १९९२ मध्ये केला आणि तीनच वर्षांत ते पुन्हा दौऱ्यावर निघाले. पुढे संपूर्ण बँडने 'द एंड' या नावाचा दौरा करून ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्येच निरोप घेतला, परंतु २०१२ मध्ये करारावरून झालेल्या मतभेदांमुळे वॉर्ड या दौऱ्यात नव्हते. कार्यक्रम अखेरचा म्हणून जाहीर झाला होता, जागाही योग्य होती, पण ज्यांनी आरंभ केला त्यांच्यापैकी एक जण रंगमंचावर नसल्यामुळे त्या शेवटात काहीतरी उरून राहिले.

२०२५ च्या कार्यक्रमाची आखणी ही उणीव भरून काढणारी होती. त्यासाठी निवडलेले व्हिला पार्क हे ॲस्टन व्हिला या फुटबॉल संघाचे मैदान ज्या ॲस्टन भागात आहे, तेथेच ऑस्बर्न लहानाचे मोठे झाले होते. चार मूळ सदस्य सुमारे वीस वर्षांनी एकत्र वाजवणार होते, आणि नफा पार्किन्सन आजारावर काम करणारी संस्था, बर्मिंगहॅमचे मुलांचे रुग्णालय आणि असाध्य आजार असलेल्या मुलांची काळजी घेणारी संस्था यांना देण्याचे ठरले होते. 'रेज अगेन्स्ट द मशीन'चे गिटारवादक टॉम मोरेलो यांच्या सांगीतिक दिग्दर्शनाखाली दुपारपासून रात्रीपर्यंत मेटालिका, गन्स एन रोझेस, स्लेयर, टूल, पँटेरा, गोजिरा अशा बँडनी पाळीपाळीने वादन केले. मेटालिकासारखे बँड एरवी स्वतःच्या नावावर अशी मैदाने भरतात, पण येथे प्रत्येकाला थोडाच वेळ होता आणि त्या वेळात स्वतःच्या गाण्यांबरोबर ब्लॅक सॅबथची किंवा ऑस्बर्न यांची गाणीही सादर करण्यात आली. त्यामुळे चाळीस हजारांहून अधिक श्रोत्यांसमोर एका संगीतप्रकाराची वंशावळच एका दिवसात उलगडत गेली आणि तिचे मूळ सर्वांत शेवटी समोर आले.

पार्किन्सन हा मज्जासंस्थेचा हळूहळू बळावत जाणारा आजार असून त्यात हालचालींवरील व तोलावरील नियंत्रण कमी होत जाते. आपल्याला तो झाल्याचे ऑस्बर्न यांनी २०२० मध्ये जाहीर केले होते, आणि शस्त्रक्रियांनंतर त्यांना चालणे अवघड झाले होते. रंगमंचावर धावणारा, प्रेक्षकांना चेतवणारा गायक म्हणून ज्यांची ख्याती होती, ते या कार्यक्रमात काळ्या सिंहासनावर बसून गायले : आधी एकल कारकिर्दीतील पाच गाणी आणि मग मूळ बँडसह चार. आवाज काही ठिकाणी कापत होता आणि तेथे मैदानातील श्रोत्यांचे गाणे त्याला आधार देत होते. केवळ गायनाच्या कसोटीवर पाहिल्यास सत्तरच्या दशकातील ध्वनिमुद्रणे यापेक्षा निश्चितच सरस आहेत, पण या श्रोत्यांना ती ध्वनिमुद्रणे पाठच होती. ती ऐकण्यासाठी कोणी बर्मिंगहॅमला गेले नव्हते. एरवीच्या कार्यक्रमात बँड देतो आणि श्रोता घेतो, हा क्रम येथे बऱ्याच अंशी उलटला होता, आणि गायकाची शक्ती जेथे अपुरी पडली तेथे श्रोत्यांना कार्यक्रमात खरा वाटा मिळाला.

त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी ऑस्बर्न यांचे निधन झाले. हा निरोप मागे घेतला जाणार नाही हे त्यामुळे निश्चित झाले, परंतु त्याचे महत्त्व केवळ मृत्यूच्या निकटतेत शोधणे पुरेसे नाही. २०१७ चा निरोपही बर्मिंगहॅममध्येच झाला होता आणि त्यामागेही थांबण्याचा निर्धार होता, तरी तो अपुरा राहिला. उलट व्हिला पार्कवर दुरावलेला सहकारी परत आला, बँड आपल्या वस्तीत परतला आणि पुढच्या पिढ्यांनी आपले ऋण जाहीरपणे मान्य केले. दौरे थांबवणे बँडच्या हाती असते, पण अशी पूर्तता सहकारी, गाव आणि श्रोते एकत्र आल्याशिवाय होत नाही. अनेक फसव्या निरोपांचा अनुभव असूनही चाहते अशा कार्यक्रमांना जात राहतात, कारण 'यापुढे पुन्हा नाही' हे बँडचे आश्वासन टिको वा न टिको, त्या संध्याकाळी त्यांनी केलेली कृतज्ञतेची परतफेड नंतर कोणालाही मागे घेता येत नाही.