पुडी, बाटली आणि बंद शाळा

2 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या एका क्रूझवर छापा पडला आणि पुढचे काही आठवडे वृत्तवाहिन्यांना अमली पदार्थांखेरीज दुसरा विषय उरला नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी, 4 ऑक्टोबरला, राज्याच्या ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या आणि शहरांत आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. ‘विद्यार्थी आणि व्यसन’ या विषयाची खरी बातमी माझ्या मते ही दुसरी होती. दीड वर्ष शाळेबाहेर काढलेली मुले परत येत होती. त्या दीड वर्षात त्यांनी काय खाल्ले, काय ओढले, काय प्यायले आणि कशापायी, हे विचारायला कोणालाच सवड नव्हती. बुडालेल्या अभ्यासाची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ती तेवढ्यावरच थांबली.

मी लिहितो आहे तो कर्जत-खालापूरच्या पट्ट्याबद्दल, त्यातही कोंडाण्याच्या बाजूबद्दल. राजमाचीच्या पायथ्याचे हे गाव बाहेरच्यांना दोन कारणांनी ठाऊक असते: डोंगरातली प्राचीन बौद्ध लेणी, आणि मध्यंतरी सिंचन घोटाळ्याच्या बातम्यांत गाजलेले धरण. इथल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पुढे शिकायचे तर कर्जत गाठावे लागते आणि त्याही पुढे शिकायचे तर कर्जत लोकल धरून उल्हासनगर, कल्याण. मार्च 2020 मध्ये शाळा, कॉलेज आणि लोकल या तिन्ही गोष्टी आठ-दहा दिवसांच्या आत बंद पडल्या. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडातून गेले, खांब आडवे झाले, गावोगाव वीज गेली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी शासनाची अभ्यासमाला मोबाईलवर येत होती; मोबाईल चार्ज करायला मात्र वीज नव्हती. वीज आल्यावरही फोन मुलाच्या हातात असेलच असे नव्हते. ‘असर’च्या 2021 च्या पाहणीत देशभरात ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांतल्याही साधारण सत्तावीस टक्के मुलांनाच तो हवा तेव्हा मिळत होता.

नशा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी पावडर येते. ते चित्र आपल्याकडे 1980 च्या दशकात ‘गर्द’ने आणले. अनिल अवचटांचे त्याच नावाचे पुस्तक आणि 1986 मध्ये पुण्यात त्यांनी व डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेले ‘मुक्तांगण’ यांमुळे मराठी मध्यमवर्गाला व्यसन हा आजार आहे हे प्रथम कळले. हे ऋण मोठे आहे. पण त्या चित्रात नशा बाहेरून येते, कोणीतरी पुड्या विकणारा ती चांगल्या घरातल्या मुलापर्यंत पोहोचवतो. कोंडाण्याच्या आसपासच्या वाड्यांत नशा बाहेरून यावी लागत नाही. आजोबांच्या चंचीत तंबाखू असते, आजीच्या डबीत मशेरी असते, मोहाची किंवा काळ्या गुळाची दारू कुठे मिळते हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. टपरीवर तो मागावा लागतो इतकाच बंदीचा परिणाम.

महामारीपूर्वीचे दोन आकडे यासाठी पाहण्यासारखे आहेत. 2019 च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत तेरा ते पंधरा वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के तंबाखू वापरणारे निघाले, आणि बिनधुराची तंबाखू सुरू करण्याचे वय दहाच्या आतबाहेर आले. म्हणजे चौथी-पाचवी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: हुंगायच्या पदार्थांचे प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के, तर दहा ते सतरा वयाच्या मुलांत 1.17 टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळणारी नशा ती एवढीच. पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर, रंगाचा थिनर. यांतल्या टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. पहिल्याच वेळी हुंगून मुले दगावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. आणि सोल्यूशनची ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते, त्यासाठी कोणाला क्रूझवर जावे लागत नाही.

आता महामारीत काय झाले? मी डॉक्टर नाही. आकडे वाचतो आणि माणसांशी बोलतो. आकडे वाचताना पहिला धक्का हा बसतो की जगात बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांतली नशा वाढली नाही, कमी झाली. अमेरिकेत 1975 पासून दरवर्षी शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी होते. तिथल्या दहावीच्या वर्गात वर्षभरात कोणताही बेकायदा अमली पदार्थ घेतल्याचे सांगणारे 2020 मध्ये 30.4 टक्के होते, ते 2021 मध्ये 18.7 टक्क्यांवर आले. इतकी घसरण त्या पाहणीत आधी कधी दिसली नव्हती. काही मुलांनी त्या वर्षी घरी बसून उत्तरे दिली, शेजारी आईबाप असताना खरे किती सांगितले असेल अशी शंका घेता येते, आणि ती घ्यावीच. तरी कारण समजण्यासारखे आहे. या वयात नशा ही सोबतीची गोष्ट असते. सोबत तुटली, पुरवठा तुटला, पाहिले-करून-पाहिले प्रकारातली पोरे आपोआप गळाली.

दुसरा अभ्यास कॅनडातला, लॉकडाऊनच्या पहिल्या काही आठवड्यांतला, चौदा ते अठरा वयाच्या हजारावर मुलांचा. तिथेही घेणाऱ्यांची संख्या बहुतेक पदार्थांबाबत घटली. पण जे घेत राहिले, ते दारू आणि गांजा पूर्वीपेक्षा अधिक दिवस घेऊ लागले. कोणाबरोबर घेता, असे विचारल्यावर घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सांगितले: एकट्याने. आणि सुमारे बेचाळीस टक्क्यांनी सांगितले: आईवडिलांबरोबर.

या दोन उत्तरांवर मी बरेच दिवस अडलो होतो, कारण आपल्याकडच्या मुलांशी बोलताना तीच दोन उत्तरे वेगळ्या शब्दांत कानावर येत होती. किती मुले घेऊ लागली हा प्रश्न आपण विचारत राहतो. महामारीने बदलले ते नशेचे ठिकाण आणि सोबत. शाळेमागच्या भिंतीआड चौघांत मळलेली तंबाखू आणि घरच्या पडवीत दुपारी एकट्याने भरलेला बार, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात धाडस असते, चोरी असते, मास्तरांचा धाक असतो, घंटा वाजली की थुंकून वर्गात जायचे असते. पाच-सहा तास तोंड रिकामे ठेवावे लागते. दुसऱ्यात दिवसाला असा खंडच नाही.

हा खंड का महत्त्वाचा, ते निकोटीनच्या चालीत आहे. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. सवय लागलेल्या मेंदूला ते उतरले की चुळबूळ सुरू होते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, जीव घाबरल्यासारखा होतो. पुन्हा चिमूट ठेवली की बरे वाटते. मुलाला वाटते, तंबाखूने टेन्शन गेले. वास्तविक त्यातले बरेचसे टेन्शन आधीच्या चिमटीनेच आणलेले असते. ज्याला मुळात दुसरी काळजी आहे, त्याला आपल्या अस्वस्थपणातला कोणता भाग कशाचा हे कळायला वाव राहत नाही. दारूचे गणित याहून वाईट: ती झोप आणते आणि मध्यरात्री मोडते, आणि दुसऱ्या दिवशीचे मन आदल्या दिवसापेक्षा खाली ठेवते.

आणि काळजीला काय कमी होते? लोकल बंद म्हणून मुंबई-ठाण्याकडची कामे बंद, शनिवार-रविवारचे ट्रेकर बंद म्हणून वाट दाखवण्याचे आणि चहा-पोह्यांचे पैसे बंद. कातकरी कुटुंबांची तऱ्हा आणखी वेगळी. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात; मार्चमधला लॉकडाऊन ऐन हंगामात पडला. त्याच सुमारास आश्रमशाळांनी मुले घरी पाठवली. पुढच्या हंगामात, आश्रमशाळा बंदच असल्यामुळे, एरवी वसतिगृहात राहिली असती अशी मुलेही आईबापांबरोबर भट्टीवर गेली. भट्टीवर पोरगा चिखल तुडवू लागला की तो मोठ्यांत धरला जातो. आठवड्याच्या खर्चीच्या दिवशी बाटली येते, तंबाखू तर रोजचीच, कारण ती भूक मारते. तिथे चौदा वर्षांच्या मुलाने पुडी काढली तर कोणी हटकत नाही. हटकणारा मास्तर शाळेत असतो, आणि शाळेला कुलूप होते.

मुलींबद्दल फार थोडे लिहिले जाते, कारण मुली टपरीवर दिसत नाहीत. मशेरीला कोणी व्यसन म्हणतच नाही, ती दात घासण्याची वस्तू. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दिवसातून एकदा लावली जाते तोवर आईही काही बोलत नाही. घरकाम, धाकटी भावंडे आणि लग्नाची बोलणी यांत अडकलेली मुलगी ती तीन-चारदा लावू लागली तरी ते घरात कोणाच्या नजरेत भरत नाही. 2016-17 च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते आणि धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के. आपले ‘धूम्रपान निषेध’ फलक कोणासाठी लावलेले असतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दारूच्या बाबतीत मोठ्यांचे हाल मुलांनी जवळून पाहिले. 2020 च्या मार्चअखेर दुकाने एकाएकी बंद झाली तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत दारू तुटल्यामुळे झटके, भ्रम होऊन येणारे रुग्ण दिवसाला चारांचे आठ झाले, अशी तिथल्या डॉक्टरांची नोंद आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत एप्रिल 2021 मध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले मजूर मेले. हात धुवायचे औषध बाप पितो, हे पाहणाऱ्या मुलाला व्यसनमुक्तीच्या पोस्टरची गरज नसते, आणि त्या पोस्टरचा उपयोगही नसतो.

मनाच्या त्रासाचे मोजमाप आपल्याकडे शेवटच्या टोकाला होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्या 2019 मध्ये 10,335, 2020 मध्ये 12,526 आणि 2021 मध्ये 13,089. 2021 मध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात, 1,834. हे आकडे जपून वाचावेत. पोलीस एका मृत्यूसमोर एकच कारण लिहितात, ‘परीक्षेतील अपयश’, ‘कौटुंबिक समस्या’, ‘व्यसन’. प्रत्यक्षात तिन्ही एकाच घरात एकत्र नांदत असतात. शिवाय ज्याने दहावीनंतर नाव काढून बिगारीला जायला सुरुवात केली, तो मेला तर ‘विद्यार्थी’ या रकान्यात येत नाही, ‘रोजंदारी’त जातो. त्यामुळे शाळा सुटण्याचे दुःख ज्यांना सर्वांत जास्त झाले असेल, ते या कोष्टकातून आधीच बाहेर पडलेले असतात.

2021 ची दहावी आठवते? परीक्षाच झाली नाही आणि निकाल 99.95 टक्के लागला. कागदावर इतकी यशस्वी तुकडी महाराष्ट्राने पाहिली नव्हती. ही मुले आज विशीत आहेत. त्यांतले काही फार्महाऊसवर वॉचमन आहेत, काही रिक्षा चालवतात. आठवड्याच्या शेवटी शहरातून येणाऱ्यांना बाटली, बर्फ, सिगारेट आणून देणे हा त्या नोकरीचा न लिहिलेला भाग असतो. यांच्यापैकी जो लॉकडाऊनमध्ये एकट्याने घ्यायला शिकला आणि जो मित्रांत एखादा घोट चाखून सुटला, त्यांत फरक करता आला पाहिजे. तो करायला फार साधा प्रश्न पुरतो. ‘घेतोस का?’ असे विचारले की मुलगा नाही म्हणतो. ‘कधी घेतोस, तेव्हा कोण असतं बरोबर?’ असे विचारले, आणि आवाजात पोलीस नसला, तर तो बोलतो. ‘कोणी नसतं’ हे उत्तर आले तर पुढचा प्रश्न तंबाखूचा विचारायचा नाही. झोपेचा, जेवणाचा आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, याचा विचारायचा. असे स्पष्ट विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे; मानसोपचारात हा प्रश्न थेटच विचारतात.

विचारल्यानंतर पाठवायचे कुठे, ही अडचण खरी आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. कोंडाण्याहून जाऊन येण्यात दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथून सुरुवात करता येते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, क्रमांक 14416, मराठीत बोलता येते. व्यसनासाठी 14446 वेगळा आहे. महामारी चालू असताना ‘किरण’ नावाची हेल्पलाइन होती, तिचा क्रमांक अकरा आकडी होता. पाच आकडे लक्षात राहतात, ही सुधारणाच म्हणायची.

युनिसेफने 2021 मध्ये एकवीस देशांतल्या पंधरा ते चोवीस वयाच्या तरुणांना विचारले होते की मनाचा त्रास असेल तर दुसऱ्याची मदत घेणे चांगले का. सरासरी 83 टक्के हो म्हणाले. भारतातले 41 टक्के. एकवीस देशांत सर्वांत कमी. याचा दोष नेहमी ‘लोक काय म्हणतील’ यावर टाकला जातो. आमच्या बाजूला आणखी एक साधे कारण आहे: पडवीत बसून 14416 लावला तर अख्खे घर ऐकते, आणि फोन बहुतेक वेळा बापाच्या खिशात असतो. एक-दोन शिक्षकांनी आता मधल्या सुट्टीत आपला फोन मुलाच्या हाती देऊन स्वतः मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायला सुरुवात केली आहे.