दुखणं दाढेचं नव्हे, नसेचं

दात घासताना, दाढी करताना, नुसता पंख्याचा वारा लागला तरी गालात विजेसारखी कळ. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. कित्येक रुग्णांच्या धडधाकट दाढा यापायी उगाच उपटल्या जातात.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. पहिली पसंती कार्बामाझेपिनला. मुळात हे फिट्सचं औषध. चेतातंतूंतला सोडियमचा प्रवाह रोखून कळ शमवतं. गुंगी येते, तोल जातो, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की शस्त्रक्रिया. रक्तवाहिनी नसेला दाबत असेल, तर मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. ही पद्धत अमेरिकेच्या पीटर जॅनेटा यांनी रुळवली. प्रकृतीला ती झेपणारी नसेल, तर गालातून सुई घालून नस तापवतात. कळ थांबते, गाल मात्र थोडा बधिर राहू शकतो.