चार-दोन-चार व्यूह

फुटबॉलमधील एक आक्रमक व्यूहरचना. तीत गोलरक्षकाखेरीज चार खेळाडू बचावफळीत, दोन मधल्या फळीत व चार आघाडीस असतात. १९५८ च्या विश्वचषक स्पर्धेत ब्राझीलने ती प्रभावीपणे वापरली आणि अंतिम सामन्यात यजमान स्वीडनला ५-२ असे हरविले. दोन्ही बगलांवरील आघाडीपटूंमुळे प्रतिपक्षाची बचावफळी फाकते व मधल्या दोघा आघाडीपटूंना गोल करण्यास वाव मिळतो. तथापि मधल्या फळीतील दोघांवर चढाई व बचाव असा दुहेरी भार पडतो; प्रतिपक्षाने तेथे तिसरा खेळाडू आणल्यास चेंडूवरील ताबा सुटतो. हा दोष झाकण्यासाठी ब्राझीलचा डावा आघाडीपटू मारिओ झागालो वारंवार मागे येई. त्यातूनच पुढे ४-३-३ रचनेकडे कल वाढला व १९६२ मध्ये चिलीत ब्राझीलने विश्वचषक राखला.