फ्लशची खंडणी

कुत्र्यावर जीव टाकणारे लेखक इंग्रजी साहित्यात पुष्कळ झाले. लॉर्ड बायरनने आपल्या बोट्स्वेनचे स्मारक न्यूस्टेड ॲबीच्या आवारात उभारले. एडिंबरोच्या स्मारकात सर वॉल्टर स्कॉटच्या पायाशी त्याचा मेडा आजही बसलेला आहे. पण या साऱ्यांत एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग आणि तिचा फ्लश यांची हकिकत मला वेगळी वाटते. तिच्या प्रेमाची किंमत कोणीतरी अक्षरशः आकारली होती. ती द्यावी की नाही, यावरून लग्नाला जेमतेम आठवडा उरला असताना दोन कवींमध्ये वाद झाला.

फ्लश तिच्या आयुष्यात आला तो मोठ्या शोकाच्या काळात. जुलै १८४० मध्ये तिचा सर्वांत लाडका भाऊ एडवर्ड टॉर्कीजवळच्या समुद्रात बुडाला. तिच्याच आग्रहामुळे तो तिथे राहिला होता, त्यामुळे ती स्वतःला दोष देत राहिली. प्रकृती आधीच खालावलेली, त्यात हा आघात. अशा वेळी, १८४१च्या आरंभी, तिची वडीलधारी मैत्रीण, लेखिका मेरी रसेल मिटफर्ड हिने तिला सोनेरी-तपकिरी केसांचे कॉकर स्पॅनियल जातीचे पिल्लू भेट दिले. पुढे लंडनला, ५० विंपोल स्ट्रीट या घरातल्या बंद खोलीत, फ्लश दिवसचे दिवस तिच्या पलंगावर बसून राही. बाहेर हुंदडायचे वय असलेल्या प्राण्याने आपल्यासाठी ऊनवारा सोडावा, याचे तिला अप्रूप होते. १८४४च्या काव्यसंग्रहात तिने त्याच्यावर कविता घातली, ती याच कृतज्ञतेपोटी.

त्या काळी लंडनमध्ये कुत्रे पळवणे हा बांधीव धंदा होता. चोरांच्या टोळ्या श्रीमंत वस्त्यांतली कुत्री हेरून उचलत आणि मध्यस्थामार्फत खंडणी मागत. वेळेवर पैसे न दिल्यास कुत्र्याचे मुंडके पार्सलने घरी येते, असे बोलले जाई. जुन्या इंग्रजी कायद्याने कुत्रा ही इतर मालमत्तेसारखी वस्तू मानलीच जात नसे, म्हणून चोरांचे फावत असे. १८४४मध्ये पार्लमेंटच्या समितीने या प्रकाराची चौकशी केली आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला. धंदा मात्र लगेच थांबला नाही. फ्लश १८४३ आणि १८४४ अशा दोन वर्षी पळवला गेला आणि दोन्ही वेळा पैसे मोजून परत आला. तिसरी वेळ १ सप्टेंबर १८४६ची. एलिझाबेथ आपल्या बहिणीबरोबर खरेदी आटोपून गाडीत चढत होती. तेवढ्यात मागून येणारा फ्लश नाहीसा झाला.

या वेळी तिच्या आयुष्यात रॉबर्ट ब्राउनिंग होता. वीस महिन्यांत दोघांनी एकमेकांना सुमारे पावणेसहाशे पत्रे लिहिली. १८९९मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांतली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची पत्रे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. रॉबर्टचे म्हणणे असे, की खंडणी देणे म्हणजे गुंडगिरीला खतपाणी घालणे. आज तुम्ही दिलेल्या पैशावर उद्या दुसऱ्या कोणाचा कुत्रा पळवला जाईल. हे म्हणणे तर्काने खोडता येत नाही. तिच्या वडिलांनीही पैसे देण्यास मनाई केली होती.

एलिझाबेथचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. न्यायतत्त्वावर माणसाचे प्रेम असावे, हे तिला मान्य होते. पण आपल्यावर विसंबलेल्या निरपराध जिवाचा बळी देऊन ते तत्त्व पाळण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा तिचा सवाल होता. इटलीत दरोडेखोरांनी मला पकडून माझे कान तुझ्याकडे पाठवले तर तू काय करशील, असेही तिने रॉबर्टला विचारले. तिच्यासाठी आपण सर्वस्व देऊ, हे त्याला कबूल करावे लागले. मग फरक उरला तो इतकाच, की तिच्या लेखी फ्लशही त्या ‘आपल्या माणसां’त होता.

ही एका श्रीमंत घरातल्या हळव्या बाईची लहर होती, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खाणी-गिरण्यांत राबणाऱ्या मुलांची व्यथा मांडणारी ‘द क्राय ऑफ द चिल्ड्रन’ ही कविता तिनेच १८४३मध्ये लिहिली होती. अन्यायाची चाड तिला कोणी शिकवायला नको होती.

अखेर ती स्वतः निघाली. जी बाई वर्षानुवर्षे खोलीबाहेर क्वचित पडे, ती विल्सन या दासीला घेऊन भाड्याच्या घोडागाडीतून शोरडिचच्या गल्लीत, टोळीच्या म्होरक्याच्या दारात गेली. म्होरक्या घरी नव्हता, त्याच्या बायकोशी बोलणे झाले. पुढे तो पैसे न्यायला आला तेव्हा एका भावाने त्याला शिव्या हासडल्या आणि सौदा मोडता मोडता राहिला. शेवटी सहा गिनी देऊन ६ सप्टेंबरला फ्लश घरी आला. त्या वस्तीचे दर्शनही वाया गेले नाही. ‘ऑरोरा ली’ या तिच्या दीर्घ काव्यातल्या दरिद्री लंडनच्या चित्रणामागे हीच फेरी असावी, असे व्हर्जिनिया वुल्फने ‘फ्लश’ या १९३३च्या पुस्तकात सुचवले आहे.

त्यानंतर सहा दिवसांनी, १२ सप्टेंबरला, तिने गुपचूप लग्न केले आणि १९ तारखेला घर सोडले. मुलांपैकी कोणी लग्न करणे वडिलांना मंजूर नव्हते. त्यांचा शब्द मोडून शोरडिचला जाणे ही या मोठ्या बंडाची पहिली पायरी होती, असे मला वाटते. फ्लश अर्थातच बरोबर होता. रॉबर्टला दोनदा चावलेला हा कुत्रा इटलीत त्याचाही लाडका झाला.

आपल्याला इथे युधिष्ठिर आठवल्याशिवाय राहत नाही. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही, असे त्यानेही सांगितले. पण महाभारतात त्या कुत्र्याच्या रूपात साक्षात धर्म होता, आणि निष्ठेचे फळ लगेच मिळाले. फ्लशमागे कोणी देव लपलेला नव्हता. तो एक साधा, भित्रा, लाडावलेला कुत्रा होता, आणि त्याच्यासाठी एलिझाबेथने ज्यांचे ऐकायचे त्या दोघांनाही नाही म्हटले.

१८५४मध्ये फ्लोरेन्सला फ्लश म्हातारा होऊन वारला. त्याला कासा ग्विदी या त्यांच्या घराच्या तळघरात पुरले. एलिझाबेथ त्यानंतर सात वर्षांनी गेली, त्याच घरात.