वासरू, शिंगरू आणि फर्स्ट इयरचं पाखरू

फर्स्ट इयरला आलेल्या पोराला सीनियर मंडळी 'बच्चा' म्हणतात आणि त्याला राग येतो. रागावू नये. ही पद्धत इंजिनिअरिंग कॉलेजांपेक्षा फार जुनी आहे. मध्ययुगात पॅरिसच्या विद्यापीठात नवीन विद्यार्थ्याला 'बेक-जोन' म्हणत, म्हणजे पिवळ्या चोचीचा. घरट्यातलं, अजून पंख न फुटलेलं पाखरू! हाच शब्द पुढे स्कॉटलंडला पोचला आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी 'बेजंट' झाला. आपण म्हणतो, ओठावरचं दूध वाळलं नाही. चोचीच्या जागी ओठ, एवढाच फरक.

इंग्रजीत असे शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांची एक गंमत आहे. पिलाचं नाव मोठ्यालाच चिकटतं. 'बर्ड' म्हणजे आधी फक्त पक्ष्याचं पिल्लू होतं, 'पिग' म्हणजे डुकराचं पिल्लू आणि 'रॅबिट' म्हणजे सशाचं. मोठ्या सशाला 'कोनी' म्हणत, तो शब्द मागे पडला. 'बुलक' म्हणजे आधी तरणा गोऱ्हा, आता बैल. 'गर्ल' तर इसवी सन १३०० च्या सुमारास मुलगा असो की मुलगी, दोघांनाही चालायचं! आमच्या अहिराणीत मात्र हा घोळ नाही, मुलगा तो आंडोर, मुलगी ती आंडेर.

आता मराठीकडे येऊ. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, रेडकू, पाडस, पिल्लू, लेकरू, मूल. काही लक्षात आलं? सगळी 'ते'. सगळी नपुंसकलिंगी. छावा, बछडा असे अपवाद आहेत, पण गोठ्यातली आणि घरातली बहुतेक लहान जीवांची नावं मराठीने 'ते' मध्येच ठेवली आहेत. शेवटचा 'रू' सुद्धा पाहा, पाखरू आणि मेंढरू त्याच माळेतले. जर्मनमध्येही वासरू, कोकरू, शिंगरू आणि मूल हे चारही शब्द नपुंसकलिंगीच आहेत. हिंदीला ही सोय नाही. तिथे जन्मल्याबरोबर बछडा की बछिया ते ठरवावं लागतं.

'वासरू' हा शब्द तर खास आहे. तो संस्कृत 'वत्स' वरून आला आणि 'वत्स' चं नातं 'वत्सर' शी, म्हणजे वर्षाशी आहे. मुळात अर्थ 'वर्षभराचं जनावर'. त्याच मुळापासून लॅटिनमध्ये वासराला 'व्हिट्युलस' म्हणत, त्यावरून इंग्रजीतला 'व्हील', म्हणजे वासराचं मांस. आपण त्याच 'वत्स' पासून 'वात्सल्य' तयार केलं. एकाच मुळातून एकीकडे माया, दुसरीकडे मेनू कार्ड... असो.

पण हे 'ते' फार दिवस टिकत नाही. माझं गाव सोनगीर, धुळ्याहून आग्रा रोडने वीसेक किलोमीटर. लोक आम्हाला तांब्यापितळेच्या भांड्यांवरून ओळखतात, पण आजूबाजूचं सगळं शेतीवालं. तिथे वासरू जरा मोठं झालं की व्यवहार सुरू होतो. मादी असली तर कालवड, तिच्याकडून दुधाची आशा. नर असला तर गोऱ्हा, पुढे वेसण आणि जू. मग बाजारात प्रश्न येतो वयाचा. जन्मदाखला नाही, म्हणून दात बघायचे. गायबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. ते दुधाचे पडून जोडीजोडीने पक्के येतात. एकही पक्का नाही तो अदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जनावर जुळलं, साधारण चार-साडेचार वर्षांचं. मोजमापाचं साधन म्हणजे अंगठा आणि नजर! इंग्रज मेंढपाळही हेच करतात, 'टू-टूथ' पासून 'फुल माउथ' पर्यंत. जिथे शब्द चुकला तर पैसे जातात, तिथे शब्द बारीक होत जातात, असं माझं मत.

आता ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले आणि 'चारदाती' म्हणजे काय ते हॉस्टेलवरच्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही सांगावं लागतं. 'शिंगं मोडून वासरांत शिरणे' मात्र सगळ्यांना येतं, विशेषतः गॅदरिंगला नाचणारे सर दिसले की. (सर, हलके घ्या.)

इंग्रजीतही हेच झालं. ससाण्याची शिकार मागे पडली आणि घरट्यातून उचललेल्या ससाण्याच्या पिलाचं नाव 'आयस' शब्दकोशात जाऊन बसलं. हा शब्द मुळात 'नायस' होता, फ्रेंचमधून आलेला, अर्थ घरट्यातला. 'अ नायस' चं ऐकताना 'ॲन आयस' झालं आणि 'न' उडाला. वर्कशॉपला आपण जो ॲप्रन घालतो त्याचंही असंच, तो आधी 'नॅप्रन' होता.

माझ्या वहीत अजून आहेत. म्हशीच्या मादी पिलाला आमच्याकडे वगार म्हणतात, घाटावरचे रूममेट रेडी म्हणतात. अजून अंड्यावर न आलेली कोंबडी ती तलंग, न व्यायलेली शेळी ती पाट. तुमच्या गावाकडे काय म्हणतात ते आईला, आजीला विचारा आणि मेसमध्ये मला गाठून सांगा. फक्त सबमिशनच्या आठवड्यात नको.