अफगाण मेव्याची वाट : अटारी की चाबहार?

मुंबईच्या मशीद बंदर भागातील सुकामेव्याच्या बाजारात जो अंजीर आणि जर्दाळू विकला जातो, त्यात अफगाण माल बराच असतो. तो कोणत्या वाटेने येतो यावर त्याचा भाव पुष्कळ अवलंबून असतो. आमच्या व्यापारी बांधवांनी म्हणूनच या वाटेकडे लक्ष द्यावे.

अफगाणिस्तानला समुद्र नाही. पाकिस्तानने अफगाण माल अटारीपर्यंत येऊ दिला, परंतु भारताचा व्यापारी माल त्याच वाटेने काबूलला जाऊ दिला नाही. (२०२२ साली मदतीचा गहू गेला, तो अपवाद.) ट्रक भरून यायचा आणि रिकामा परतायचा. रिकाम्या फेरीचे भाडे शेवटी मालावरच चढते, हे आम्ही सांगायला नको.

यावर भारताने इराणच्या चाबहार बंदराचा उपाय काढला. अफगाण हद्दीत झरंज ते दिलाराम हा सुमारे २१८ किलोमीटरचा रस्ता भारताने बांधून २००९ साली हवाली केला. त्या कामावर आपली माणसेही हल्ल्यांत मारली गेली. २०१६ साली तेहरानमध्ये तीन देशांचा करार झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कांडल्याहून गहू निघाला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सुकामेवा, कापड व गालिचे भरलेले २३ ट्रक झरंजहून चाबहारकडे सुटले. तो माल मुंबईसाठीच होता.

रस्ता झाला, धक्का झाला, पण पैशाची वाट मोकळी झाली नाही. इराणवरील निर्बंधांतून अमेरिकेने २०१८ साली या बंदराला सूट दिली, तरी बँका बिचकल्या आणि क्रेनदेखील वेळेवर मिळेनात. मे २०२४ मध्ये भारताने बंदराचा दहा वर्षांचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने सूट काढून घेतली. पुढच्याच महिन्यात सहा महिन्यांची नवी मुदत मिळाली. सहा महिन्यांच्या भरवशावर गोदाम कोण बांधणार?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचा व्यापार बंद झाला. वाटेत अडकलेल्या अफगाण ट्रकांना मे महिन्यात खास परवानगी द्यावी लागली. ऑक्टोबरात पाकिस्तान-अफगाण सीमाही बंद पडली.

अफगाण मालाचा सौदा करणाऱ्यांनी माल कोणत्या वाटेने येणार, विमा कोण उतरवणार आणि वाट बंद झाल्यास बयाण्याचे काय, हे आधी कागदावर घ्यावे.